काकांनी सायकलला हात लावला नाही

सायकली भाड्याने द्यायचं दुकान टाका आणि वर्षभर गप्प बसून दाखवा, मी तुम्हाला मानलं. आमच्या दुकानात एक खोका आहे. गिऱ्हाईकं विसरून जातात ते गॉगल, टोप्या, पाण्याच्या बाटल्या त्यात पडतात. गॉगल न्यायला कुणी ना कुणी परत येतो, किस्से मात्र कुणी नेत नाही. ते आमच्याकडेच साचतात. जेसल पार्कात मित्रांमध्ये बसलो की मी सुरू होतो आणि बायको म्हणते, "आता जेवण गार."

तर दुकान महाबळेश्वरात आणि आम्ही दोघं भाईंदरचे. मी जेसल पार्कचा, पार्टनर प्रशांत मुर्ध्याचा. दहा इलेक्ट्रिक सायकली. पायडल मारायचं, मग मोटर जोर लावते आणि चढावर मांड्या वाचतात. एवढं साधं आहे. पण हे समजावून सांगण्यात माझे अर्धे केस गेले.

*

पहिल्याच आठवड्यात आमच्याच भाईंदर वेस्टचे एक शेठ आले. सीटवर बसले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि वाट बघत राहिले.

"भैया, स्टार्ट कहाँ से होता है?"

"शेठ, पैडल मारो."

"पैडल मारना है तो इलेक्ट्रिक किस बात की?"

मी तापट माणूस. प्रशांतने माझा हात दाबला म्हणून गप्प बसलो. शेवटी शेठनी रागारागात दोन पायडल मारले. मोटरने पकडलं आणि सायकल सुटली ती रस्ता ओलांडून थेट समोरच्या मक्याच्या गाडीकडे. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा सायकल गाडीपासून वीतभर अंतरावर उभी होती. शेठनी कपाळ पुसलं आणि तिकडेच जायचं ठरलेलं असल्यासारखं मकेवाल्याला म्हणाले,

"एक भुट्टा. नींबू ज़्यादा."

*

त्या दिवसापासून नियम केला. दुकानासमोर जांभळाचं झाड आहे, त्याला एक फेरी मारून दाखवायची. जमली तर सायकल मिळणार, नाहीतर चहा पिऊन जा. आणि या परीक्षेला आम्हाला परीक्षक मिळाले ते प्रशांतचे वडील, भोईरकाका.

काकांची जरा ओळख करून देतो. वय सत्तर. जन्म मुर्ध्यात गेला, आधी मिठागरात, मग भाजीच्या मळ्यात. रोज पहाटे सायकल काढायची आणि भाईंदरच्या बाजारात भाजी पोचवायची. काका पुढे, काकू मागे कॅरियरवर, मांडीवर पाटी घेऊन. चाळीस वर्षं हेच. मग गुडघ्याने दगा दिला आणि त्यातच एक दिवस खणलेल्या रस्त्यात काका सायकलसकट पडले. ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, डॉक्टर तर म्हणाले, खुशाल सायकल चालवा. पण काकूंनी शपथ घातली, "सायकलीला हात लावलात तर माजं मेलेलं तोंड बघाल."

काकांनी सायकल सोडली. काकूंसमोर त्यांचं काही चालत नाही, कबूलही करतात. घरासमोर टॉवरचं काम सुरू झालं, धुळीने खोकला लागला, म्हणून प्रशांतने त्यांना महिनाभर हवापालटाला वर आणलं. आणलं कुठे, तर दहा सायकलींच्या मधोमध. उपाशी माणसाला हलवायाच्या दुकानात बसवायचं आणि वर म्हणायचं, खाऊ नका हं.

*

काकांची परीक्षा कडक. खुर्चीत बसायचे आणि काठीने दाखवायचे, "हितून वळ. हितं थांब." सायकलला बोट लावायचे नाहीत.

एकदा मीरा रोडचा एक जिम ट्रेनर आला. दंड असे की हँडल लहान मुलाचं वाटावं. फेरी झकास मारली, एक हात सोडूनसुद्धा मारली. मी म्हटलं, पास. काका म्हणाले, "नापास."

"का हो काका?"

"तीन येळा आपल्या दुकानाच्या काचेत बघलान. ह्याचं ध्यान सोताकडं हाय. रस्त्याकडं कोन बघंल?"

*

याउलट मीरा रोडच्याच नया नगरच्या एक टीचर, शबाना मॅडम. पन्नाशी ओलांडलेली, शाळा सुटल्यापासून सायकलला शिवलेल्या नाहीत. पहिल्या दिवशी नापास, दुसऱ्या दिवशी नापास. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणारी बाई, पण हूं की चूं केलं नाही. काका आपल्या मुर्ध्याच्या हिंदीत शिकवत होते, "मॅडम, नीचू नको बघो. जिधर जानेका उधर बघो." तिसऱ्या दिवशी मॅडम फेरी मारून थेट बाजारात गेल्या आणि तासाभराने हँडलला स्ट्रॉबेरीच्या पिशव्या लटकवून आल्या. अर्ध्या स्ट्रॉबेरी चाकाला लागून पिचलेल्या.

"भाईसाब, मोटर दी, लाइट दी, पीछे कैरियर क्यों नहीं दिया?"

मी म्हटलं, "मॅडम, अकेले आदमी की साइकिल है."

त्यांना ते पटलं नाही. उरलेल्या स्ट्रॉबेरी त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून काकांना दिल्या. काकांनी त्यातली एकही मला दिली नाही.

*

नवराबायकोच्या जोड्या हा वेगळाच विषय. एक नवीन लग्न झालेली जोडी आली. नवऱ्याने बायकोसमोर छाप मारायला जाताना पूर्ण वेळ मोटर फुल ठेवली. ती बिचारी मागून सावकाश. संध्याकाळी ती एकटीच परत आली आणि शांतपणे चहा मागितला.

"साहेब कुठायत?"

"येतायत. ढकलत."

पाऊण तासाने साहेब आले, शर्ट पिळायच्या लायकीचा. म्हणाले, "मुद्दाम चालत आलो. निसर्ग बघायला."

ती म्हणाली, "मग उद्याही चालतच जा. मी पुढे जाऊन जागा धरते."

*

आता काकांचं. रोज संध्याकाळी सायकली चार्जिंगला लागल्या की काका फडकं घेऊन त्या पुसायचे. मी एकदा चिडवलं, "काय काका, शपथ मोडली?"

"मोडली न्हाय. फडकं लागतंय, हात न्हाय."

पण गंमत गंमत म्हणता म्हणता मला वाईट वाटायला लागलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "त्या सनसेट पॉइंटावरनं, हवा साफ असली का दर्या दिसतो म्हंतात. खरं हाय?"

"दिसतो म्हणतात. चला, गाडीने नेतो."

"गाडीत बसून काय बघायचं? एकदा सायकलीवरनं जायचं व्हतं." मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. ती रडंल."

मी प्रशांतला म्हटलं, फोन कर आईला, शपथ सोडवून घे. त्याने केला. काकू म्हणाल्या, मी स्वतः येते न्यायला, आणि फोन ठेवला. आम्ही दोघांनी कपाळाला हात लावला. शपथ सुटायची राहिली, उलट काकांना परत न्यायची घाईच झाली होती.

काकू यायच्या त्या दुपारी एसटी लवकर पोचली. स्टँडवर घ्यायला प्रशांत गेला तोवर काकू विचारत विचारत दुकानापाशी येऊन उभ्या. आणि समोर जांभळाभोवती काका सायकलवर गोल गोल फिरतायत. हँडलच्या दोन्ही मुठींना फडकी गुंडाळलेली.

काकांनी करकचून ब्रेक दाबला. एक पाय जमिनीवर टेकवला, दोन्ही हात वर केले आणि मानेनेच मुठींवरची फडकी दाखवली. "हात न्हाय लावला," एवढंच म्हणाले. आवाज अगदी शाळेतल्या पोरासारखा. एवढ्यात प्रशांत धापा टाकत आला आणि आईचा चेहरा बघून जागीच थांबला.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. पदर खोचला. सायकलीपाशी गेल्या. आधी काकांचा गुडघा दाबून बघितला. मग हँडल बघितलं, बॅटरी बघितली, सीट बघितली. सीटच्या मागे जाऊन थांबल्या आणि तिथे रिकाम्या जागेवरून हात फिरवला.

मग काकांकडे बघून म्हणाल्या,

"ह्याला मागं कॅरियर न्हाय. मंग मी कुठं बसू?"