लेंपीची गाडी

आमच्या हॅनकॉक गावात नोव्हेंबरात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात होण्याआधी आर्वो केटोला सगळ्यांच्या गाड्यांना मिठानं गंजू नयेत म्हणून खालून तेल मारून द्यायचा. बायको लेंपी गेली आणि त्यानं ते काम सोडलं. तिची गाडी मात्र तो दर रविवारी एकटाच तळ्यापर्यंत फिरवून आणायचा आणि गॅरेजमध्ये गरम पाण्यानं गाडीला लागलेलं मीठ धुवायचा.

एकदा शेजारची पन्नाशीची नर्स शेरिल म्हणाली, "आर्वो, माझ्या गाडीच्या तळाला गंजून भोक पडलंय. पायाखाली रस्ता दिसतो!"

"तेल मार म्हणून घसा कोरडा केला होता मी."

"मार आता टोमणे!"

आर्वो घरात गेला. मग त्यानं लेंपीच्या गाडीची किल्ली आणून शेरिलच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. बर्फावर ब्रेक हळू दाब. आणि रविवारी धुवायला इथंच आण."

रविवारी शेरिल आली. आर्वो पाइप घेऊन गाडीखाली वाकला. ती शेजारी स्टुलावर कॉफी पीत हॉस्पिटलातल्या गमती सांगत राहिली. चारही चाकं धुऊन झाली, तेव्हा तिनं कप खाली ठेवला आणि ती निघायला उठली. आर्वो म्हणाला, "थांब, अजून राहिलंय," आणि पुन्हा पहिल्या चाकाकडे वळला.