दाराबाहेरचे बूट

दोन हजार तीन-चार साल असेल. परदेशात आम्ही राहायचो त्या शॉमबर्गच्या लायब्ररीत दर शनिवारी एक म्हातारे चेक चित्रकार मुलांना परीकथांची चित्रं काढून दाखवत. पेन्सिलीला टोक चाकूनेच करत, मग हातावरची भुकटी फुंकत. त्यांच्या चित्रात चेटकिणीच्या झोपडीबाहेरही चपला काढून ठेवलेल्या असायच्या. मुलीसोबत बसून बघताना मी कारण विचारलं.

"आमच्याकडे घरात कोणी बूट घालून जात नाही. चेटकीण झाली म्हणून काय झालं?"

मला सांगलीच्या घराचा उंबरठा आठवला.

एकदा त्यांनी त्यांचं गावाकडचं घर काढलं. दाराबाहेर लहान मुलाचे बूट होते. माझ्या मुलीने त्यावर बोट ठेवून, हे कुणाचे, म्हणून विचारलं.

"माझे," बुटांच्या नाड्या रेखाटत ते म्हणाले. "मी अजून आतच आहे."