जिनोआच्या धक्क्यावर

इथे आखातात, आमच्या सलवा भागातल्या बेकरीत गरम पावावरच्या ऑलिव्ह तेलाचा वास आला आणि मला जिनोआ आठवलं. माझा नवरा जहाजावर इंजिनियर होता. त्याला भेटायला मी इथल्या हॉस्पिटलातून रजा काढून इटलीला गेले, पण जहाजाचं इंजिन बिघडलं आणि त्याला उतरताच येईना. डेकवरूनच तो ओरडला, "तू फिरून ये गं! मग मला सगळं सांग."

मी चिडून एकटीच भटकले. अरुंद गल्ल्या, वर वाळत घातलेले कपडे, कमानींखालची झगमगीत दुकानं. संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून, ओरडून ओरडून त्याला सगळं सांगितलं. तो कठड्याला रेलून हसत ऐकत होता.

तेव्हा वाटलं होतं, किती एकटी पडले मी! आता तो नाही. परवा इथल्या खैरान किनाऱ्यावरचा समुद्र पाहून घरी आले, पण तो कसा होता हे सगळं सांगायला घरात कुणीच नव्हतं.