शनीची काच

सहदेव कर्जत टेशनात बत्तीवाला होता. दिवस कलला की शिडी खांद्यावर टाकून सिग्नलच्या खांबांवर चढायचं, दिव्यांत तेल घालायचं, वाती कातरायच्या, तांबड्या-हिरव्या काचा पुसायच्या, आणि पहाटे पुन्हा तीच फेरी. वीस वर्षं त्यानं हेच केलं. घर उल्हास नदीपलीकडच्या वाडीत, टेशनापासून अर्ध्या कोसावर. बायको इंदू लोधिवलीची. मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याची वाच्यता करणंही केव्हाच सोडून दिलं होतं.

सहदेव ऐन उमेदीत असताना एक साहेब घाटातल्या पुलांच्या आणि बोगद्यांच्या छब्या काढायला आला होता. त्याच्या काचांच्या पेट्या सहदेवनं दोन हिवाळे डोक्यावरून घाटात वाहिल्या. पोऱ्याचा हात थरथरत नाही हे साहेबानं हेरलं आणि काच पेटीत कशी घालायची, अंधारात औषधात कशी धुवायची हे त्याला शिकवलं. जाताना भाता फाटलेली एक जुनी पेटीही देऊन टाकली. दुर्बीण आली ती पुढे. घाटाच्या इंजिनावरचा एक गोव्याचा ड्रायव्हर तापानं गेला. मयताच्या दिवसांत त्याच्या घरचं पाणी सहदेवनंच भरलं. मुलखाला परत निघताना त्या बाईनं नवऱ्याची पितळी दुर्बीण त्याच्या हातात ठेवली. म्हणाली, "तो रोज पाहायचा. तूही पाहा."

सहदेवनं काही वर्षं नुसतंच पाहिलं. मग एकदा त्याच्या मनात आलं, दुर्बिणीच्या मागं पेटी जोडली तर जे डोळ्याला दिसतं ते काचेवर का उतरू नये?

खालापुरात अबूबकर म्हणून सुतार होता, बैलगाडीची चाकं करणारा. सहदेवनं त्याला सांगितलं, "अबूभाई, असं एक खोड कर, की दुर्बीण त्याच्यावर घोड्यासारखी बसली पायजे आणि मुंगीसारखी सरकली पायजे."

"सरकायला कशाला?"

"तारा थांबत नाय. आपून थांबलो की तो काचेवर रेघ वडून जातो."

अबूबकरनं तीन महिने घेतले. सागाचं खोड, त्याला लोखंडी मळसूत्र. एक आटा फिरवला की दुर्बिणीचं तोंड केसभर पश्चिमेला सरके. गाडीत घालून तो ते स्वतः वाडीला घेऊन आला, अंगणात रोवलं आणि त्या संध्याकाळी जेवायला राहिला. तिथून दोघांची मैत्री झाली.

काचेवर उजेड किती वेळ पडू द्यायचा हे इंदूच्या हातात असे. तिनं जुनं सूप काजळानं काळं केलं होतं. ते दुर्बिणीच्या तोंडापुढं धरून ती उभी राही. सहदेव "काढ" म्हणाला की सूप बाजूला, आठ आकडे मोजायचे, "झाक" म्हणाला की पुन्हा पुढं. दुर्बिणीला धक्का लागू नये म्हणून ती तेवढा वेळ श्वास धरी. पहिले काही महिने ती हसायची. नवऱ्याला एवढा एकच नाद आहे, दारू नाही, पत्ते नाहीत, असं शेजारणींना सांगायची. काचा धुवायला गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा केला होता. तिथं टेशनावरच्या फुटक्या तांबड्या सिग्नलकाचेआड दिवा जळे.

अठराशे सत्त्याण्णवच्या माघात गुरू उतरला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा ठिपका, त्यावर दोन पुसट पट्टे. इंदूनं काच उजेडाशी धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

"पट्टे हायत की वं याच्यावर," ती म्हणाली. "खारीवानी."

वाडीतली माणसं येऊन पाहून गेली. गुरूच तो, काहींनी हातही जोडले.

तोवर मुंबईत गाठीच्या तापाची, प्लेगची साथ पेटली होती. माणसं बोचकी घेऊन रेल्वेच्या कडेकडेनं चालत गावांकडं निघाली होती. टेशनात डॉक्टर उतारूंना रांगेत उभं करून काखा-जांघा चाचपत. बायका शरमेनं मेल्याहून मेल्यासारख्या होत. सहदेव शिडीवरून ते पाही. मग कर्जतच्या बाजारात दोन माणसं गेली. ज्या घरात गाठ निघे त्याची कौलं सरकारी माणसं उतरवत, सामान जाळत, आजाऱ्याला उचलून माळावरच्या छावणीत नेत. तिथून परत आलेला कोणी पाहिला नव्हता.

वैशाखात शनी सांजेला पूर्वेला दिसू लागला. सहदेवनं खोड तिकडं फिरवलं तेव्हा इंदूनं सूप हातात घेतलं नाही.

"गुरूचं ठीक हाय," ती म्हणाली. "ह्याला कशाला घरात आनताय?"

"घरात कुठं आनतोय? तो तिथंच ऱ्हानार."

"लोक तेल वाहतात त्यानं पाठ फिरवावी म्हनून. आन तुमी त्याला तोंड इकडं कर म्हनताय."

"त्याच्याभवती कडं हाय, इंदू. बांगडीसारखं. मी डोळ्यांनी पायलंय. एकदा काचेवर उतरलं की पुन्ना नाय काढनार."

ती उठली आणि सूप घेऊन उभी राहिली.

पहिल्या दोन काचा वाया गेल्या. वैशाखातलं पाणी इतकं तापलेलं, की धुताधुताच काचेवरचा थर सायीसारखा सुटून गेला. तिसऱ्या वेळी नव्या माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं, थर घट्ट राहावा म्हणून पाण्यात तुरटी फिरवली. शनी उतरला. तिळाएवढा, आणि दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सहदेवला राहवलं नाही. त्यानं काच चार जणांना दाखवली. शेजारच्या विठूनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "याला तर कान हायत रं."

पाचव्या दिवशी विठूच्या घरात उंदीर पडल्याची कुजबुज झाली. सातव्या दिवशी त्याच्या जांघेत गाठ आली. सोनाबाईनं, त्याच्या बायकोनं, छावणीच्या धास्तीनं त्याला कणगीमागं लपवून ठेवलं. तो तिसऱ्या दिवशी गेला. पाठोपाठ आणखी दोघं गेली.

जयवंता पाटील चार माणसं घेऊन अंगणात आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा पुतण्या त्या दोघांतला एक होता.

"सहदेव, ती काच फोड."

"दादा, मुंबैत हजारो मेले. तिथं कोनी काच काढली व्हती?"

"मुंबैचं मुंबैला. हितं तू आनलास. विठूनं हातात धरली आन विठू गेला."

"मी पन धरली. इंदूनं धरली."

"मग थांब," जयवंता म्हणाला. माणसं त्याच्यामागनं निघून गेली.

त्या दिवसापासून विहिरीवर इंदू आली की बायका घागरी उचलून बाजूला होत. ती नदीवर जाऊ लागली. साथीच्या भीतीनं वाडी उठली, माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. या दोघांना तिकडं जागा नव्हती. सहदेवनं नदीकाठच्या आंब्याखाली पळसाच्या पानांचं खोपट घातलं. खोपटातूनच तो टेशनात जाई, दिवे लावी, परत येई.

एका संध्याकाळी तो आला तेव्हा चूल पेटलेली नव्हती. इंदू घोंगडीवर पडली होती आणि तिचे डोळे लाल झाले होते. काखेत गाठ होती. तो रात्रभर तिच्या कपाळावर ओली फडकी ठेवत बसला. सकाळी तिला थोडी शुद्ध आली.

"ती फोडा," ती म्हणाली.

"इंदू, त्यानं काय व्हनार?"

"मला ठावं नाय काय व्हनार. तुमी फोडा. माझ्यासमोर फोडा."

सहदेव रिकाम्या वाडीतून घरी गेला. गोठ्यात डबा होता, त्यात दोन काचा, कागदात गुंडाळलेल्या. तो दोन्ही मांडीवर घेऊन बसला. शनीची फोडली म्हणजे विठूला मीच मारला, इंदूलाही मीच मारतोय, हे कबूल केल्यासारखं होणार होतं. हे एक. आणि दुसरं, जे तो पुढं अबूबकरखेरीज कोणाला बोलला नाही, ते असं, की ती काच त्याला मोडवत नव्हती. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट त्याला मनासारखी साधली होती. बायको मरत होती आणि त्याला काच मोडवत नव्हती.

त्यानं गुरूची काच उचलली.

खोपटात येऊन तिच्या डोळ्यांसमोर त्यानं ती धोंड्यावर आपटली. इंदूनं तुकड्यांकडं पाहिलं. तापानं तिला नीट दिसत नव्हतं.

"कान मोडले का?"

"मोडले."

"बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. दुपारपर्यंत तिला बरं वाटतंय असं तिचं तिलाच वाटत होतं. पेजही दोन घोट प्याली. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या आत ती गेली.

खांदा द्यायला कोणी आलं नाही. रेल्वेच्या एका खलाशाकरवी खालापुरास निरोप गेला आणि अबूबकर गाडी जुंपून एकटाच आला. खोपटाच्या दारात त्यानं पायताणं काढली. मग म्हणाला, "वहिनींना गाडीतनं नेऊ. मी हात लावला तर चालंल ना?"

"तुझ्याबिगर हाय कोन," सहदेव म्हणाला.

दोघांनी तिला गाडीत ठेवलं, दोघांनीच लाकडं रचली. जयवंता लांब, बांधावर उभा होता. चिता पेटल्यावर त्यानं तिथूनच विचारलं, "काच फोडली का रं?"

सहदेवनं होकाराची मान हलवली.

पंधरा दिवसांत पाऊस लागला आणि साथ ओसरली. माणसं घरी परतली. काच फुटली म्हणून टळलं, असं वाडीत ठरून गेलं. जयवंता स्वतः नारळ घेऊन आला आणि म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं. तुझी बायको गेली, पर वाडी वाचली." सहदेवनं नारळ घेतला. पुन्हा त्याला विहीर मिळाली, पंगतीत पान मिळालं. इंदूचं नाव बायका हळहळून घेऊ लागल्या. अंगणातलं खोड त्यानं उपटलं आणि दुर्बीण धोतरात गुंडाळून आढ्याला टांगली.

अबूबकरला त्यानं खरं काय ते सांगितलं. "खरी फोडली असती तर?"

"तरी गेल्याच असत्या," अबूबकर म्हणाला.

"ते मला ठावं हाय. पर तिला खोटं बोललो."

अबूबकरनं त्याच्यापुढं ताट मांडलं. तो म्हणाला, "चल, जेवून घे."

दोन हिवाळे वाडीत कोणाला काही झालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडले. जयवंतानं त्याला चावडीवर बोलावलं आणि नरमाईनं विचारलं, "तुकडे कुठं टाकलेस तेवडं सांग. नदीत सोडू, शांत करू."

सहदेवनं सांगून टाकलं, "ती फुटली नाय. माझ्या डब्यात हाय. साथ गेली तवा पन व्हती, मधली दोन-अडीच वर्सं तुमी सुखात जेवलात तवा पन व्हती. आता तरी पटवून घ्या, का तिच्यात काय नाय."

त्याला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर माणसं विचार करतील. पण मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हनून परत आली." तेवढंच सगळ्यांनी उचललं. आठ दिवसांत घर सोड, असं त्याला सांगण्यात आलं. मारलं नाही, शिवी दिली नाही.

बांधाबांध चालू असताना सोनाबाई आली. अडीच वर्षांत ती त्याच्या उंबऱ्याशी आली नव्हती.

"मला बघू द्या," ती म्हणाली.

त्यानं काच काढून दिली. तिनं दाराच्या उजेडात धरली.

"एवडाच?"

"एवडाच."

तिनं ती परत दिली, पण गेली नाही. खाली बघत म्हणाली, "आमच्या घरात उंदीर आधीच पडले व्हते. यांनी ही हातात धरली त्याच्या दोन दिस आधी. मीच पुरले, परसात. कळलं असतं तर कौलं उतरवली असती, समद्यांना छावणीत नेलं असतं. मग लोक तुमचं नाव घ्यायला लागले, तवा मी गप ऱ्हायले."

"इंदू नदीवर पानी भरायची तवा तुला ठावं व्हतं?"

"ठावं व्हतं."

सहदेव डब्याचं झाकण लावत राहिला. ते नीट बसत नव्हतं. "आता पाटलाला सांगशील का?" त्यानं विचारलं.

सोनाबाईनं मान खाली घातली. तिची दोन पोरं त्याच वाडीत वाढत होती. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

रेल्वेच्या साहेबाला अर्ज करून त्यानं घाटात, ठाकुरवाडीच्या चौकीवर बदली मागून घेतली. तिथं शेजार नव्हता. सहा वर्षं त्यानं तिथले दिवे लावले आणि एका श्रावणात न्यूमोनियानं तो चौकीतच गेला. खलाशांनी अबूबकरला कळवलं, पण दरड कोसळून घाट बंद होता. तो पोचला तेव्हा सगळं आटोपून दोन दिवस झाले होते. खलाशांनी त्याच्या हातात डबा दिला, त्यात कागदात गुंडाळलेली शनीची काच तशीच होती.