कडूबाचा न चाखलेला मोदक

कडूबाच्या आधी त्याच्या आईची तीन मुलं गेली, म्हणून चौथ्याचं नाव कडू ठेवलं. मरणाला तो गोड लागू नये, एवढाच हेतू. मरणाचं मला माहीत नाही, पण या कडूने पुढे बावीस वर्षं आमच्या गावाला जे गोड खाऊ घातलं, ते आठवलं की आज तोंडाचं बोळकं झालेली माणसंसुद्धा ओठ चाटतात.

आमचं गाव बोरखेडी, राजूरहून दीड कोस. राजूरचा गणपती थोरला आणि आमच्या वेशीजवळचा धाकटा, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. राजूरकरांना कुणी विचारलं नव्हतं. देवळाचा कारभार माझे थोरले बंधू नरहर पाटील बघत. त्यांना मी दादा म्हणे. मी भालचंद्र, जाफराबादच्या सरकारी मदरशात मास्तर. मुलांना उर्दूतून हिशोब शिकवायचा आणि दर चतुर्थीला काहीतरी बहाणा करून गाव गाठायचं, हा माझा क्रम. लोक याला भक्ती समजत. भक्ती होतीच, पण ती गणपतीवर किती आणि मोदकांवर किती, हे मला कुणी विचारू नये.

मोदक कडूबाचे. कणकेची पातळ पारी, आत खोबरं, गूळ, खसखस, आणि तुपातली तळणी. पारीला तो एकवीस कळ्या पाडायचा. वीस नाही, बावीस नाही. मोदक फोडला की गुळाचा वास नाकात शिरायचा आणि मदरशाचा तपासनीस, निजाम सरकार, सगळं डोक्यातून जायचं.

तर गंमत अशी, की हा कडूबा गणपतीला मानत नव्हता.

तो महानुभाव पंथाचा, उपदेश घेतलेला माणूस. परमेश्वर एकच, बाकी सगळ्या देवता. देवतेला पुजायचं नाही, तिचा प्रसाद तोंडात घालायचा नाही, हा त्याचा नेम. पौर्णिमेला बायकोला घेऊन पायी जाळीच्या देवाला, म्हणजे त्यांच्या पंथाच्या क्षेत्राला, जायचा. भेटला की ‘रामराम’ नाही, ‘दंडवत’ म्हणायचा. त्याची बायको गोजरबाई त्याच्याहून पक्की. कुणी चुकून तिच्या हातावर अंगारा ठेवला, तर ती तो सरळ चुलीतल्या राखेत मिसळून त्याने भांडी घासायची, आणि वर म्हणायची, ‘राख चांगली हाय, भांडं निघालं बराबर.’

असा माणूस गणपतीचे मोदक करायला तयार कसा झाला, हे मी त्याला एकदा विचारलं.

‘मास्तर, मी मोदक मानसांसाठी करतो. तुमी ते खायच्या आधी कुठं ठेवता, कुनाला दाखवता, ते तुमचं तुमी बघा,’ तो म्हणाला.

‘आणि चव बघत नाहीस ते?’

कारण लग्नकार्यात आचारी म्हणून गेला की हाच कडूबा रश्श्याचे भुरके मारत हिंडायचा. पण चतुर्थीच्या दिवशी तोंडाला उपरणं घट्ट बांधून बसायचा. पाक झाला की नाही हे पाण्यात थेंब टाकून बघायचा, गूळ बोटांत चोळून, सारण नाकाशी धरून. जिभेला कण लागू द्यायचा नाही.

‘नैवेद्य उष्टा होऊ नये, असा पाटलाचा नेम हाय,’ तो म्हणाला. ‘पाटलाच्या देवाला मी मानत न्हाई. पाटलाच्या नेमाला मानतो.’

म्हणजे हिशोब बघा. नैवेद्याआधी खायचं नाही, कारण दादांचा नेम. नैवेद्यानंतर खायचं नाही, कारण स्वतःचा नेम. दोन्ही दरवाजे बंद. घरी करून खावा, तर गोजरबाई म्हणायची, मोदक म्हटला की तो गणपतीचाच, माझ्या चुलीवर चालायचा न्हाई. पंचक्रोशीत ज्याच्या मोदकाचं नाव, त्याने उभ्या जन्मात मोदक चाखला नव्हता. मला हे कळलं तेव्हा हातातला मोदक मी खाली ठेवला. मग अर्थात उचलून खाल्ला.

दादा दुसऱ्या टोकाचे. अथर्वशीर्ष झाल्याशिवाय पाणी नाही, गणपतीला दाखवल्याशिवाय घास नाही. आंबा झाडाखाली सापडला तरी तो घेऊन देवळात जायचे. या दोघांचं सगळ्या गावात जमायचं ते एकमेकांशीच, आणि जमायचं म्हणजे भांडायचं. दिवस कलला की देवळाच्या मुदपाकखान्याच्या ओट्यावर बसून सुरू.

‘पाटील, तुमचा गणपती देवता हाय. मोठी देवता, मी न्हाई म्हनत न्हाई. पन देवताच.’

‘आन् तुमचा परमेश्वर ऱ्हातो कुठं? माझ्या गणपतीच्या पोटात! पोट बघितलं का केवढंय?’

‘पोट मीच भरून राह्यलो की बारा वर्सं.’

दादा हसून लोळायचे. मी दोघांच्या मध्ये बसून शेंगा खायचो. दोघांनाही शंभर टक्के खात्री, की समोरचा चुकलेला आहे. आणि दोघांनाही त्याच्याशिवाय संध्याकाळ जात नव्हती. मला आयुष्यात कशाचीच एवढी खात्री वाटली नाही. त्या दोघांचा मला हेवा वाटायचा, हे कबूल करून टाकतो.

सदतीस सालच्या भाद्रपदात मात्र माशी शिंकली. उत्सवाला बाहेरगावचे एक कीर्तनकार बुवा आले होते. त्यांना कुणीतरी कडूबाचं सांगितलं. बुवांनी भर कीर्तनात हात वर करून विचारलं, ‘जो हात गजाननापुढं जोडला जात नाही, त्या हाताचा नैवेद्य गजानन घेईल कसा?’ सगळा मांडव दादांकडे बघायला लागला. दादा मानी माणूस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुदपाकखान्यात गेले. मी मागोमाग.

‘कडूबा, लोकं बोलून राह्यलेत,’ दादा म्हणाले. ‘एक डाव देवापुढं हात जोडा आन् एक मोदक खा. एकच. मंग कुनाच्या बापाची बिशाद न्हाई बोलायची.’

कडूबाने तोंडावरचं उपरणं सोडलं. ‘पाटील, हात जोडायला काय लागतं? आत्ता जोडतो. पन आत काहीच नसंल. तुमच्या देवाला फसवू का?’

दादांनी नजर चुलीकडे वळवली.

‘तुमी सांगा फसव म्हनून. मंग फसवतो.’

‘मंग दुसरा मानूस बघावा लागंल,’ दादा म्हणाले. आवाज इतका बारीक, की मलाच नीट ऐकू आला नाही. कडूबाला मात्र आला.

त्याने कढई घासली, उलटी करून डोक्यावर घेतली, झारा काखेत मारला. ती कढई त्याच्या वडलांची. दारात थांबून ‘दंडवत’ म्हणाला आणि गेला. लग्नकार्याची कामं त्याला रगड होती, उपाशी राहणार नव्हता. पण चतुर्थीची चूल हे त्याचं काम नव्हतं, त्याची हौस होती. ती गेली. मला दादांचा इतका राग आला, की मी त्या दिवशी मोदक खाल्ला नाही. म्हणजे कालचे उरलेले दोनच खाल्ले.

पुढचे पाच महिने बोरखेडीतली संध्याकाळ मुकी झाली. जालन्याहून नवा आचारी आणला. माणूस वाईट नव्हता, मोदकही बरे करायचा. दादा ओट्यावर एकटे बसायचे. कडूबा आपल्या दारात बसायचा. दोघांच्या मध्ये फक्त वेस आणि कडुलिंबाचं एक झाड. मी एकदा कडूबाला म्हटलं, दादांना चैन पडत नाही. तो म्हणाला, ‘मला तरी कुठं पडून राह्यली?’ आणि आत निघून गेला. भीती अशी वाटायची, की ही माणसं अशीच म्हातारी होतील.

मग माघी चतुर्थी आली. गणेशजन्म दुपारी बाराचा. सकाळपासून राजूरपर्यंतची माणसं जमलेली. नऊच्या सुमाराला दादा सोवळं नेसून तयारी बघायला मुदपाकखान्यात शिरले आणि दारातच खिळले. मी धावलो. नवा आचारी सारणाच्या परातीपुढे बसला होता, आणि त्याचं बोट तोंडात होतं.

‘हे काय?’ दादांनी विचारलं.

‘चव बघून राह्यलो, मालक. गूळ बराबर हाय का न्हाई, कसं कळंल?’

‘नेहमी बघता?’

‘तर! बिगर चवीचं कधी दिलं न्हाई तुमाला,’ तो अभिमानाने म्हणाला.

पाच महिने! दर चतुर्थीला गणपतीने त्या भल्या माणसाचं उष्टं खाल्लं होतं. गणपतीला हात जोडणाऱ्या, तीर्थ घेणाऱ्या, टिळा लावणाऱ्या माणसाचं. दादा परातीकडे बघत राहिले. मग वळले आणि सोवळ्यातच, अनवाणी, चालू लागले. चालू कसले, पळू लागले. पन्नाशीचा पाटील रेशमी कद सावरत वेशीबाहेर पळतोय, हे बघायला जत्रेतली निम्मी माणसं मागे लागली. मी सगळ्यात पुढे.

कडूबा अंगणात लाकडं फोडत होता. गोजरबाई दारात उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

‘कडूबा, चला,’ दादा धापा टाकत म्हणाले. ‘बाराच्या आत एकवीस तरी मोदक पाहिजेत.’

‘आन् हात?’ गोजरबाईने विचारलं. ‘हात जोडायला लावनार का पुन्ना?’

‘न्हाई, बाई,’ दादा म्हणाले. ‘जोडलेले हात हायेत माझ्यापाशी ढीगभर. मला तुमच्या नवऱ्याचे मोकळे हात पाहिजेत.’ आणि मग सगळ्या गावादेखत म्हणाले, ‘माझं चुकलं.’

कडूबाने कुऱ्हाड खाली ठेवली. डोळे पुसले, ते लाकडाच्या भुशामुळे असं पुढे तो सांगायचा. मग आत जाऊन कढई घेऊन आला. ‘उपरनं आन गं धुतलेलं,’ बायकोला म्हणाला, ‘जल्दी.’

बाराच्या ठोक्याला एकवीस मोदक देवापुढे होते. प्रत्येकाला एकवीस कळ्या. जन्माची घंटा वाजली तेव्हा कडूबा मुदपाकखान्याच्या दारात तोंड बांधून, हात मागे घेऊन उभा होता. दादांनी गाभाऱ्यातून त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. त्या संध्याकाळी ओट्यावरून पुन्हा आवाज ऐकू आला, ‘मोठी देवता, पाटील, मी न्हाई म्हनत न्हाई!’ मला इतका आनंद झाला, की मी शेंगांची अख्खी ओंजळ टरफलासकट तोंडात घातली.

पुढची दहा वर्षं अशीच गेली. दोघांपैकी कुणी केसभरही हललं नाही. पण दादांच्या मनात एक काटा राहिला होता. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात ते एकदम मला म्हणाले, ‘भालू, त्या मानसानं आपल्याला हजारो मोदक दिले. आपन त्याला एक देऊ शकलो न्हाई.’

‘मग द्या,’ मी म्हटलं.

‘देवाला न दाखवता?’

‘देवाला न दाखवता.’

दादा आठ दिवस विचार करत होते. गणपतीला न दाखवलेलं अन्न त्यांनी कधी तोंडाला लावलं नव्हतं, आणि आता ते स्वतः रांधायचं होतं. मग एक दिवस परात, खोबरं, गुळाची ढेप आणि मुदपाकखान्यातली कडूबाची मापाची वाटी घेऊन ते त्याच्या घरी गेले, मागोमाग मी. नवराबायको जाळीच्या देवाहून नुकते परतले होते. दादा चुलीपुढे बसले आणि म्हणाले, ‘आज आचारी मी.’

‘मोदक?’ गोजरबाई कडाडली. ‘माझ्या चुलीवर न्हाई!’

‘बाई, देवाला दाखवनार न्हाई. त्याचं नावसुद्धा घेनार न्हाई. नुसतं खोबरं आन् गूळ.’

‘कळ्या पाडल्या की झाला की तो गणपतीचा.’

दादांनी कळ्या पाडायचा पहिला प्रयत्न केला. पारी फाटली. दुसरी फाटली. तिसरीची त्यांनी मूठ वळून गाठ मारली. कढईतून जे बाहेर आलं, ते भाजलेल्या वांग्यासारखं दिसत होतं. गोजरबाईने ते झाऱ्यावर उचलून उजेडाला धरलं, सगळ्या बाजूंनी बघितलं, आणि नवऱ्याच्या ताटात ठेवलं.

‘खा,’ ती म्हणाली. ‘हे कोन्याच देवाला चालायचं न्हाई.’

कडूबाने परमेश्वराचं नाव घेतलं आणि घास तोडला. दादा समोर उपाशी बसलेले. त्यांच्या नेमात हे बसत नव्हतं. कडूबा सावकाश चावत होता. बावीस वर्षं जे नाकाने ओळखलं, ते जिभेवर आलं होतं. दादांना धीर निघेना.

‘कसाय?’

‘पाटील,’ कडूबा तोंड वाकडं करून म्हणाला, ‘गूळ लई झाला. दाताला कळ आली.’

‘जास्त? बिलकुल न्हाई! तुमच्या मापानं घातलाय. ह्या वाटीनं, बराबर मोजून!’

कडूबा वाटीकडे बघत राहिला. ‘म्हंजी बावीस वर्सं मी तुमाला एवढं गोड घालून राह्यलो? आन् कुनी एक शबुद बोललं न्हाई?’

‘आमाला वाटायचं, तुमचा हातच तसाय,’ दादा म्हणाले.

मग कडूबा जो हसायला लागला, तो थांबेना. गोजरबाई तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी भिंतीला टेकून बसलो. कडूबाने मात्र ते भाजलेलं वांगं शेवटच्या कणापर्यंत खाल्लं.

पुढच्या चतुर्थीला मी मुद्दाम जाफराबादहून सकाळीच आलो. कडूबा तोंड बांधून सारण करत होता. मी विचारलं, ‘आता गूळ कमी केला असशील?’

त्याने उपरण्याआडून मान हलवली आणि तीच वाटी शिगोशीग भरली.

‘कमी कशाला, मास्तर? जीभ माझी हाय, पन मोदक खानाऱ्यांचा हाय.’