उजव्या कानाचा परिच्छेद

पासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात कारखान्याच्या कॅम्प-1 या कामगार वस्तीत, आमच्या घरांच्या ओळीतल्या एका तरुण सैनिकाला शौर्यपदक मिळालं. दोन महिन्यांनी त्याला ड्रायव्हरची नोकरी नाकारली गेली. दोन्हींना आधार एकाच परिच्छेदाचा होता.

परिच्छेद पदकासोबतच्या कागदात होता: स्फोटात उजव्या कानाचा पडदा फाटूनही त्याने दारूगोळ्याचा ट्रक तोफांपर्यंत नेला. सैन्यातून सुटल्याच्या दाखल्यावरही कानाची नोंद होती, पण ती दोन इंग्रजी अक्षरांत. ती कुणाला उलगडत नव्हती.

त्याचे वडील दम्याने घरी बसलेले. बहिणीचं लग्न ठरलेलं. कारखान्यात बांधकाम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीला डंपरवर ड्रायव्हर हवे होते.

अर्ज मी लिहिला. मी नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे, म्हणून ओळीतले सगळे अर्ज माझ्याकडे येत. घरात असेल तो प्रत्येक कागद अर्जाला जोडायचा, असा आमच्याकडे रिवाज होता. देवी टोचल्याचा दाखलाही सुटत नसे.

"एवढे कागद काहून लावता भाऊ?" त्याच्या आईने विचारलं. "पोराले ट्रक चालवाचा आहे का कागद?"

"अर्ज जड असला की माणूस आत जातो, काकू," मी म्हणालो आणि पदकाचा इंग्रजी कागद, कचेरीत सगळ्यांना कळावा म्हणून, सोप्या हिंदीत उतरवून, टाइप करून सर्वांत वर लावला.

कंपनीच्या डॉक्टरने त्याला पास केलं. फाइल लावताना कारकुनाने परिच्छेद वाचला आणि प्रामाणिकपणे ती डॉक्टरकडे परत पाठवली. या वेळी डॉक्टरने त्याच्या उजव्या कानाशी टिकटिकणारं घड्याळ धरलं. शेरा पडला: अपात्र.

त्याच आठवड्यात कंपनीने त्याचा सत्कार ठेवला. अपात्रतेवर सही करणारे साहेबच अध्यक्ष होते. त्यांनी तोच परिच्छेद वाचला. पडदा फाटल्याच्या वाक्याला टाळ्या पडल्या, म्हणून ते पुन्हा वाचलं. मग शाल आणि नारळ दिला.

"साहेब चांगलं बोलले का भाऊ?" मंचावरून उतरल्यावर त्याने मला विचारलं. "ते माह्या उजव्या बाजूले होते."

"तुझ्या कानाबद्दलच बोलले."

"मंग काई गेलं नाही. ते मले माहीत आहे."

आई मागेच उभी होती. "भाऊ, आता हे शालबी लावा अर्जाले," ती म्हणाली.

सत्काराची बातमी मी पाठवली. ती छापून आली. नोकरी नाकारल्याची शेवटची ओळ तेवढी आली नाही.

पुढच्या महिन्यात चरोद्याच्या एका लाकडाच्या वखारीला ड्रायव्हर हवा होता. या वेळी अर्ज चार ओळींचा लिहिला. सोबत फक्त लायसन्स दिलं. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. मालक त्याच्या डाव्या हाताला बसले होते.

"लढाईत काय करत होतास?" त्यांनी विचारलं.

"ट्रक चालवत होतो."

सोमवारी तो कामावर रुजू झाला.