व्हायोलिन गप्प झालं तेव्हा

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही रडत. पण आमच्या वाडीच्या भजनात चाळीस वर्षं पेटी मीच वाजवली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आता बोटं आखडलीत. आंब्याच्या कलमांखालचा पाला ओढून आलो की पडवीत टेकायचं, एवढंच उरलंय.

यंदा मुलाची मुलगी मुंबईहून व्हायोलिन घेऊन आली. आठ दिवसांनी तिला परीक्षकांसमोर वाजवायचं होतं. एकटी असली की छान वाजवते. समोर माणूस बसला की हात कापतो. म्हणाली, "आबा, समोर बसा ना. वीसच मिनिटं." कंबर धरली होती, तरी बसलो.

विलायती चीज. एकटं व्हायोलिन गाणार आणि मागे साठ-सत्तर वाद्यांचा ताफा. तो तिने लॅपटॉपवर लावला. शब्द नाहीत, टाळ नाही. पण सूर असा संथ सरकत होता की माझी मान आपोआप हलायला लागली. आणि मध्येच पोर गप्प. व्हायोलिन खाली. मागचे आपले वाजवतायत.

आमच्यात बुवा ओळ विसरला की पेटीवाल्याने ती हळूच वाजवून द्यायची, लोकांना कळायच्या आत. जन्मभर तेच केलं. कोपऱ्यातली पेटी ओढली आणि तिचीच मघाची ओळ वाजवली.

"आबा! मी विसरले नव्हते! तिथे मला थांबायचंच असतं!" तिने लॅपटॉप बंद केला. डोळे भरलेले.

"थांबायचं पण शिकवतात काय गो?" मी म्हटलं. चूक कबूल करायची मला सवय नाही.

आतून म्हातारी ओरडली, "ह्यांचा हात कधी गप राहिलाय? स्वतःच्या लग्नात वाजंत्रीवाल्याला शिकवत होते!"

पोर हसली, पण व्हायोलिन आवरायला लागली. "माझ्याने नाही होणार, आबा." हात मघापेक्षा जास्त कापत होता. ते माझंच काम.

"मी हात मांडीखाली घेतो," म्हटलं. "वाजव."

पुन्हा ती जागा आली. या वेळी तिच्याकडे बघत राहिलो. ती रिकामी उभी नव्हतीच. ओठांत मोजत होती, श्वास जुळवत होती. आमचे किती बुवा नुसते दम घेत असतील, आणि मी मध्ये घुसलो असेन! आता विचारायला त्यातलं कोणी उरलं नाही.

तिने व्हायोलिन उचललं. वरचा एकच सूर, लांब, केसासारखा बारीक.

संपल्यावर म्हणाली, "कसं झालं?"

"सुरुवातीला हात कापला. नंतर नाही."

"मग?"

"मग काय? परत वाजव. मी बसलोय."